दर विसावा प्रवासी

३ मार्च, सोमवार

सकाळी ६ वाजून १० मिनिटे. विमानतळाच्या निर्गमन कक्षात, आमच्या टेबलाशी उभा राहून, भरलेल्या फॉर्मचा गठ्ठा आपटून त्याच्या कडा सारख्या करत होतो. साहेब मागून आले आणि म्हणाले, "काय रे, तुझेच पाहुणे भिकारी कसे?"

वेळ मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारले तर सांगता आले पाहिजे. ही वहीसुद्धा त्यासाठीच सुरू केली आहे. ताईच्या लॉजच्या जुन्या नोंदवहीची मागची चाळीस पाने कोरी होती, ती घेतली.

साहेबांचे म्हणणे असे. आम्ही चौघे गणक. परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांना गाठून किती रात्री राहिलात, राहण्याखाण्यावर, फिरण्यावर, खरेदीवर किती खर्च केलात हे विचारतो आणि फॉर्म भरतो. जानेवारीपासूनची बेरीज पाहिली तर बाकी तिघांच्या पाहुण्यांचा माणशी खर्च माझ्या पाहुण्यांच्या जवळजवळ दुप्पट निघतो.

"विमान तेच, दार तेच," साहेब म्हणाले. "मग तुझ्याच वाट्याला दुष्काळ कसा? नीट विचारतोस ना, का घाबरून निम्मंच लिहितोस?"

मी म्हटले, नीट विचारतो.

डब्याच्या सुट्टीत गेल्या आठवड्याच्या साठ फॉर्मची बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा तीच आली. म्हणजे चूक बेरजेत नाही, विचारण्यात असेल. मी नववीपर्यंतच शिकलो आहे, बाकी तिघे पदवीधर आहेत. पदवीधरांना पाहुणे जास्त मोकळेपणाने पैसे सांगत असतील, हेही शक्य आहे.

७ मार्च, शुक्रवार

आज वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आमचे खाते आले. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत परदेशी पाहुणे अठरा टक्क्यांनी वाढले, त्यांचा माणशी खर्च सव्वीस टक्क्यांनी वाढला. मी जानेवारीत लागलो, म्हणजे त्यात माझा एकही फॉर्म नाही. तरी अभिमान वाटला.

भाऊजींनी बातमी कापून काउंटरच्या काचेखाली सरकवली. लॉज ताई आणि भाऊजी चालवतात. सहा खोल्या. घर आईवडिलांचे, त्यांच्या माघारी ताईच्या आणि माझ्या नावावर. आज सहापैकी दोन खोल्यांत पाहुणे आहेत, त्यातल्या एकीतला माणूस आजारी आहे म्हणून थांबला आहे.

"अठरा टक्के," भाऊजी म्हणाले. "मग हे अठरा टक्के जातात कुठे? समोर जातात. त्याच्याकडे बाल्कनी आहे."

समोरच्या लॉजवाल्याला आम्ही बाल्कनीवालाच म्हणतो. मागच्या वर्षी त्याने कर्ज काढून प्रत्येक खोलीला एक बाल्कनी काढली. तीत एक खुर्ची मावते, आणि माणूस बसला तर दार लागत नाही.

"आपल्याकडे काय आहे?" भाऊजी म्हणाले.

"आपल्याकडे तुम्ही आहात," ताई म्हणाली.

भाऊजी हसले नाहीत. त्यांचे ठरले आहे. गच्चीवर चार नव्या खोल्या, चारही बाल्कनीच्या. बँकेत अर्ज गेला आहे, घर तारण राहील. बँकेच्या माणसाने मागणीचा पुरावा मागितला होता. "हा घ्या पुरावा म्हणावं," भाऊजी काचेवर बोट ठेवून म्हणाले. कागद तयार झाले की ताईची आणि माझी सही लागेल.

११ मार्च, मंगळवार

आज लंबूने मला शिकवले. साहेबांनीच त्याला सांगितले होते. लंबू आमच्यातला सर्वांत जुना गणक. माझ्या गठ्ठ्याच्या कडा बघून त्याने माझे नाव काटकोन ठेवले आहे.

नियम असा आहे. सुरक्षा तपासणीनंतर जमिनीवर एक पिवळी पट्टी आहे. ती ओलांडणाऱ्या परदेशी प्रवाशांतला दर विसावा थांबवायचा. हातात अंगठ्याने दाबायचे मोजणीयंत्र असते. विसावा कोणीही निघो, म्हातारा, रडत्या पोराची आई, शिव्या घालणारा, त्यालाच विचारायचे. मी तसेच करतो. रोज दहा फॉर्म व्हायला मला सहा तास लागतात.

लंबू पट्टीकडे फिरकलाही नाही. सरळ कॉफीच्या काउंटरवर गेला.

"काटकोन, नीट बघ. पट्टीवरचा माणूस पळत असतो. इथला चाळीस मिनिटं हलत नाही. कॉफी ढवळत ढवळत सगळं सांगतो. दहा फॉर्म, दीड तास, माणूस मोकळा."

"पण दर विसावा?"

"विसावाच आहे की. आधीचे एकोणीस मी मनात मोजतो."

बाकी दोघेही तिथेच होते. तिघांनी मिळून चार टेबले वाटून घेतलेली आहेत.

त्या काउंटरवर एक कप कॉफीला जेवढे पडतात, तेवढ्यात माझे दोन दिवसांचे जेवण होते. पट्टीवर परत आलो आणि विचार केला. जो माणूस विमानतळावर एवढ्याची कॉफी पितो, तो राहिलाही महागाच्या हॉटेलात असणार. पाहुणे श्रीमंत झालेले नाहीत. आम्हीच श्रीमंत पाहुण्यांजवळ जाऊन उभे राहिलो आहोत.

हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचले. चूक सापडली नाही.

१२ मार्च, बुधवार

कॉफीच्या काउंटरवरच्या मुलीला विचारले, हे कधी उघडले? म्हणाली, एक ऑक्टोबर. मी तारीख लिहून घेतली तेव्हा तिने विचारले, "का, तक्रार आहे?" मी म्हटले, कॉफीबद्दल नाही.

१८ मार्च, मंगळवार

या आठवड्याची माझी सुट्टी आज आली. आमच्या लॉजची नोंदवही काढून मोजले. मागच्या फेब्रुवारीत सहा खोल्या मिळून ९६ रात्री भरल्या होत्या. यंदा ५८. पाहुण्यांची संख्या फारशी घटलेली नाही, पण चार रात्री राहणारा आता दोन राहतो, दोन राहणारा एक.

भाऊजींना कागद दाखवला. मला वाटले होते, ते विचारात पडतील. ते म्हणाले, "तेच तर सांगतोय. देशात वाढले आणि आपल्याकडे घटले. म्हणजे खोट कुणात? आपल्यात."

"भाऊजी, कदाचित देशातही वाढले नसतील."

"पेपरात छापून आलंय."

कॉफीचे सांगणार होतो. पण नोकरीवर घेताना आमच्याकडून लिहून घेतले आहे की, प्रवाशांची उत्तरे बाहेर सांगणार नाही. कॉफीचे काउंटर हे प्रवाशाचे उत्तर आहे का? तासभर विचार केला. ठरले नाही. तोवर भाऊजी कंत्राटदाराला पंचवीस हजार विसार देऊन आले होते.

ताईने संध्याकाळी सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलल्या, रिकाम्या खोल्यांच्यासुद्धा. मी विचारले, कशाला? म्हणाली, "त्यांनी सांगितलं. वास येत असेल म्हणाले." मी हुंगून पाहिले. साबणाचा वास होता.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी साहेबांनी काचेच्या खोलीत बोलावले. टेबलावर माझा पांढरा लिफाफा होता.

तो लिफाफा शून्य रात्रीवाल्यांचा आहे. ऑक्टोबरपासून नियम बदलला आहे. पूर्वी नुसते विमान बदलणारे प्रवासी आतल्या आत जायचे. आता त्यांना सामान घ्यायला बाहेर यावे लागते, पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का बसतो, आणि दोन-चार तासांनी ते पुन्हा आत जातात. शहराचे त्यांनी तोंडही पाहिलेले नसते. सूचना-पुस्तिकेप्रमाणे शून्य रात्रीचा माणूस पाहुणा नव्हे, त्याचा फॉर्म वेगळा ठेवायचा. माझ्या ५४० फॉर्मपैकी असे ६१ आहेत.

"बाकी कुणाकडे लिफाफा नाही," साहेब म्हणाले.

त्यांनी लिफाफ्यातला वरचा फॉर्म काढून माझ्यासमोर धरला.

"पासपोर्टवर शिक्का बसला का? बसला. म्हणजे आला. आला म्हणजे राहिला. एक-एक रात्र टाक."

"साहेब, ते चार तास होते. बाकावर."

"बाकावर डुलकी लागली असेल ना?"

मला हसू आले नाही. त्यांनाही नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "अरे, वरून आकडा आधी येतो. फॉर्म मागाहून जातात. या वेळी वीस टक्के आलाय. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. एकतीसला तुझा करार संपतोय. मी तुला वर्षभराचा देणार होतो. सोमवारपर्यंत एकसष्ट फॉर्म नीट करून दे."

मी बरं म्हटले. हे लिहायला लाज वाटते, पण म्हटले.

बसमध्ये हिशेब केला. वर्षभराचा करार म्हणजे लॉज रिकामे असले तरी घरात धान्य. आणि माझ्या एकसष्ट फॉर्मने असा काय फरक पडणार? मग वाटले, बाकी तिघांनीही बसमध्ये हाच हिशेब केला असेल. आणि त्या सगळ्या हिशेबांची बेरीज भाऊजींच्या काचेखाली आहे.

२४ मार्च, सोमवार

सकाळी ९.१५ ते दुपारी १.४०. एकसष्ट फॉर्म पुरे केले.

सर्वांवर शून्य खोडून एक रात्र केली. साहेबांनी सांगितले तसे. आणि प्रत्येकाच्या तळाशी गणकाच्या शेऱ्याचा जो रकाना असतो, त्यात शाईने लिहिले: "प्रवाशाचे मूळ उत्तर शून्य रात्री. साहेबांच्या तोंडी आदेशावरून (२१ मार्च, सकाळी ११.२०, काचेची खोली) एक केली." खाली सही आणि वेळ.

सूचना-पुस्तिका, पान १४: गणकाने केलेला शेरा गणकाखेरीज कोणीही खोडू नये, व तो आकड्यांसोबत पाठवावा. हे पान मला शनिवारी सापडले. रविवारी त्याची भीती वाटली. आज नाही.

पहिल्या पाच फॉर्मवर अक्षर वाकडे आले. दहाव्यानंतर अक्षर स्थिर झाले. चाळिसाव्याला मी शीळ घालत होतो. लंबू डोकावून म्हणाला, "काय काटकोन, लग्न ठरलं का?" एक रात्र केलेली त्याला दिसली. पाठीवर थाप मारून म्हणाला, "आलास बाबा माणसांत."

नेहमीच्या ४७९ फॉर्मच्या गठ्ठ्यावर एक कागद लावला: "हे सर्व फॉर्म पिवळ्या पट्टीवर, दर विसाव्या प्रवाशाचे आहेत. कॉफीच्या काउंटरवरचा एकही नाही." दुसऱ्या कोणाबद्दल काही लिहिले नाही. त्यावर ते एकसष्ट फॉर्म ठेवून गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या आणि दिला. साहेबांनी वरची दोन-तीन पाने चाळली, एक-एक रात्र दिसली, खूष झाले. तळाशी त्यांची नजर गेली नाही.

२७ मार्च, गुरुवार

ऑपरेटरने खाली बोलावले. तळमजल्यावरच्या खोलीत बसून ती सगळ्या गणकांचे फॉर्म संगणकात भरते. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. आमचे बोलणे आतापर्यंत "हा सात आहे का एक" यापुढे गेलेले नव्हते.

"हे काय लिहिलंयस?" तिने शेऱ्यावर बोट ठेवले.

"काही चुकलं का?"

"चुकलं नाही. एकसष्ट वेळा तेच आहे."

"एकसष्ट फॉर्म आहेत."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी शर्टाचे बटण तपासले, लागलेले होते.

"साहेब म्हणतात, शेऱ्याचा रकाना सोडून दे. आजवर सोडतच आलेय. चार वर्षं. कोणी काही लिहीतच नाही त्यात, आणि लिहिलं तरी लोक लिहितात, 'पेन चालत नव्हते.'"

"पान १४ वर..."

"वाचलंय मी पान १४." मग म्हणाली, "जेवलास?"

मी नाही म्हटले. तिने अर्धा डबा माझ्याकडे सरकवला. तिला आज जास्त झाले असावे. मी खात असताना ती टंकत होती. नियमाप्रमाणे एका शेऱ्याची नक्कल करून बाकीच्या ठिकाणी चिकटवता येते, हे मी तिला सांगितले. तरी ती प्रत्येक शेरा वेगळा टंकत होती आणि प्रत्येकाची वेळ फॉर्मशी ताडून बघत होती. शेवटी गठ्ठ्यावर लावलेला कागदही टंकून घेतला. कामात फार चोख आहे.

निघताना माझा पत्ता मागितला. रेकॉर्डसाठी म्हणाली. पत्ता रेकॉर्डमध्ये आहे, जानेवारीत मीच भरून दिला होता. कार्यालयात कागद धड ठेवत नाहीत, हे यावरून दिसते.

३१ मार्च, सोमवार

काढले.

मुख्य कार्यालयाने आमच्या विमानतळाचा पूर्ण तिमाहीचा आकडा परत पाठवला आहे. सोबत पत्र आहे: एकसष्ट शेऱ्यांचा खुलासा करावा; मागील तिमाहीचे मूळ फॉर्मही तपासणीस पाठवावेत; कॉफीच्या काउंटरचा उल्लेख समजला नाही, तो समजावून सांगावा.

साहेब मला ओरडतील असे वाटले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "काय मिळालं तुला?"

"साहेब, पान १४."

"पान १४ मला शिकवू नकोस." ते खिडकीकडे बघत होते. "ते मीच लिहिलंय. अख्खी पुस्तिका मीच लिहिलीय. सोळा वर्षांपूर्वी."

मला आश्चर्य वाटले. मग त्यांना ते आठवायला हवे होते.

एकसष्ट फॉर्म खराब केले म्हणून त्यांचे पैसे मिळणार नाहीत, करार पुढे चालणार नाही, ओळखपत्र आणि मोजणीयंत्र परत कर. मी दोन्ही टेबलावर ठेवले आणि पोच मागितली. त्यांनी पोच लिहून दिली. माझ्या गठ्ठ्यावर लावलेला कागद त्यांच्यासमोर होता. तो त्यांनी फाडला नाही, फाइलला लावला आणि टाचणी नीट बसली का ते बोटाने पाहिले.

लंबू दारात भेटला. "मूर्खा, आम्हालाही आता पट्टीवर उभं राहावं लागणार."

मी म्हटले, "पट्टी रुंद आहे. चौघं मावतात." घरी येईपर्यंत मला माझाच धक्का बसला होता.

२ एप्रिल, बुधवार

बँकेचे कागद आले. दुपारी जेवणाच्या टेबलावर भाऊजींनी ते पसरले आणि पेन माझ्या हातात दिले. ताईची सही आधीच झालेली होती.

मी सांगितले. कॉफीचे काउंटर, पिवळी पट्टी, शून्य रात्री, सगळे. नोकरीवर लागताना लिहून दिलेल्या हमीचे मी ठरवून टाकले आहे. प्रवाशांची उत्तरे गुप्त आहेत, आमची लबाडी गुप्त नाही.

भाऊजींनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "नोकरी घालवून आलास ती आलास, आता घरही अडवतोस?"

"घर अडवत नाही. घर ठेवतोय."

"मोठा आला ठेवणारा. नववी नापास पोरगा खरा, आणि अख्खं खातं खोटं?"

"नववी पास. दहावीला बसलो नाही."

"अहो," ताई म्हणाली, "त्याचं ऐकून तरी घ्या."

"काय ऐकू?" ते उठून उभे राहिले. "याचं म्हणणं, कुणीच वाढलं नाही. मग सहा महिने मी जे स्वतःला खातोय, ते कशासाठी? अख्खं गाव भरलंय आणि माझ्याच खोल्या रिकाम्या, हे धरून मी चाललोय. म्हटलं, आपलं हसणं कमी पडत असेल. चादरी जुन्या असतील. दारात उभा राहतो तर माणसाला माझ्या तोंडाकडे बघून पुढे जावंसं वाटत असेल. आणि हा म्हणतो, कॉफी."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

"सही कर," ते म्हणाले.

"मी सही करणार नाही, भाऊजी. खोट्या आकड्यावर माझं घर तारण जाणार नाही. घरातून काढलंत तर दारात बसेन, पण सही करणार नाही."

हे मी उभा राहून म्हटले. पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवले. ताईने कागद गोळा केले आणि त्यांवर आपला जेवणाचा उष्टा हात ठेवला. त्यामुळे पहिल्या पानाला डाग पडला. ताई एरवी इतकी निष्काळजी नाही.

५ एप्रिल, शनिवार

तीन दिवस भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी नाश्त्याला म्हणाले, "चल, दाखव."

निर्गमन कक्षात आता मला सोडणार नाहीत. म्हणून आगमनाच्या दारासमोर, कठड्यापाशी उभे राहिलो. १०.५० ते १.२०. परदेशी विमाने तीन उतरली. भाऊजी स्वतः मोजत होते, ओठ हलवत. मी मुद्दाम मोजले नाही, नाहीतर माझ्याच आकड्यावर विश्वास ठेवावा लागला असता.

साधारण तिसाव्या माणसानंतर ते थांबले. दारातून बाहेर आलेले एक कुटुंब सामानाच्या गाड्या ढकलत रस्त्याकडे न जाता डावीकडच्या उतरणीवरून वर निघाले होते.

"हे कुठे चाललेत?"

"निर्गमनाला. दुसरं विमान आहे त्यांचं."

"मग बाहेर आले कशाला?"

"मोजून घ्यायला."

भाऊजींनी पुढे दोन आकडे ठेवले, एक हाताच्या बोटांवर, एक तोंडात. शेवटी झाले एकूण १४३. त्यांतले ३९ उतरणीवरून वर गेले.

कठड्यापाशी लॉजवाले उभे होते, खोल्यांचे फोटो हातात घेऊन. मी अकरा मोजले. भाऊजी एरवी कधी इथे येत नाहीत. पाहुण्यांसाठी दारोदार उभे राहणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्यांना बघून दोघे-तिघे ओळखीचे पुढे आले.

"काय, कसं काय चाललंय?"

"मजेत. तुमचं?"

"फुल्ल. जागा नाही. इथे आपलं सहज आलो होतो."

"मीही सहजच."

प्रत्येक जण सहज आला होता. अडीच तासांत अकरा जणांना मिळून चार पाहुणे मिळाले.

मग भाऊजींना खांबामागे बाल्कनीवाला दिसला. त्याच्या हातात बाल्कनीचा मोठा केलेला फोटो होता. आम्हाला बघून त्याने तो उलटा धरला. भाऊजी सरळ त्याच्याकडे गेले. मी मागे जात होतो, पण त्यांनी हाताने थांब म्हटले.

ते दोघे चहाच्या टपरीवर अर्धा तास बसले. मला काही ऐकू आले नाही. आधी भाऊजी बोलत होते, मग बराच वेळ बाल्कनीवाला. एकदा त्याने चष्मा काढून शर्टाने पुसला आणि परत घातला, परत काढून पुसला. तिथे गाड्यांची धूळ फार असते. उठताना भाऊजींनी त्याच्या चहाचेही पैसे दिले. वर्षभर ते त्याचे नावही काढत नव्हते.

बसमध्ये भाऊजींनी खिडकीची जागा मला दिली. तीन थांबे गेल्यावर म्हणाले, "त्याच्या आठ खोल्या. काल रात्री एक भरली होती."

मी म्हटले, "तुम्ही मोजलेले ३९ लिहून ठेवू का? पुढे कोणी विचारलं तर..."

"ठेव," ते म्हणाले. "आणि वेळही टाक."

घरी आल्यावर ताईने चहा टाकला. भाऊजी दारातल्या खुर्चीवर बसले. रस्त्याने जाणारे एक परदेशी जोडपे लॉजकडे बघून थबकले आणि पुढे गेले. भाऊजींनी त्यांना हात केला, उठले नाहीत. मग आत बघून ताईला म्हणाले, "चादरी राहू दे गं आज. काल तर बदलल्यात."

७ एप्रिल, सोमवार

सकाळी ९.४० ला भाऊजी बँकेत जाऊन फाइल परत घेऊन आले. कंत्राटदाराकडे मी सोबत गेलो. तो म्हणाला, विसार परत देण्याची पद्धत नाही. मी म्हटले, पद्धत कुठे लिहिली आहे, ते पान दाखवा. अकरा वाजेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. भाऊजी एक शब्द बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत.

मुख्य कार्यालयाला रजिस्टरने पत्र टाकले: एकसष्ट फॉर्म मी खराब केलेले नाहीत, ते तेवढेच धड आहेत, माझे पैसे द्या. उत्तर आले नाही तर दर सोमवारी एक पत्र टाकणार आहे.

ऑपरेटर काल दुपारी लॉजवर आली होती. रेकॉर्डमधला पत्ता बरोबर आहे का ते बघायला आली म्हणाली. तिला शेरे टंकल्याबद्दल साहेबांनी लेखी समज दिली आहे. ती पुढच्या तिमाहीतही टंकणार आहे. रविवारी सुट्टीच्या दिवशी पत्ता तपासायला कोण येते, असे मी ताईला म्हटले, तेव्हा ताई स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत होती. भांडी घासलेलीच होती.

आजपर्यंतचा हिशेब.

गेले: बँकेची अर्जाची फी, ६,०००. कंत्राटदाराचा विसार २५,०००, पैकी परत मिळाले १५,०००, बुडाले १०,०००. रजिस्टर पत्र, ३५. शनिवारची बस, दोघांची, जाऊन-येऊन, ८०. बाल्कनीवाल्याचा चहा, १०, भाऊजींच्या खिशातून.

येणे: मुख्य कार्यालयाकडून ६१ फॉर्म, दर ४०, एकूण २,४४०. हे सोडणार नाही.

देणे: ताईला, मार्चमध्ये घेतलेले ५००. ऑपरेटरला अर्धा डबा. तिने पैसे घ्यायला नकार दिला आहे, त्यामुळे कसा फेडायचा ते ठरलेले नाही.

बँकेला देणे: काही नाही. घर: ताईच्या आणि माझ्या नावावर. खोल्या सहा, भरलेल्या दोन. दोन म्हणजे दोनच.